कुंपणाने शेत खाल्ले

प्रतिवर्षाप्रमाणे यंदाही स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही मजकूर द्यावा, अशी मंडळाच्या चिटणीसांची आज्ञा झाली. मागील अंकांत आम्ही गडकोट, जुनी नाणी, गावोगावचे शिलालेख अशा विषयांवर यथाशक्ति लिहिले होते व ज्ञातिबांधवांनी ते गोड मानून घेतले होते. यंदाचा विषय मात्र साता समुद्रापलीकडचा आहे. तो निवडण्यास एक खाजगी कारणही आहे. ते योग्य स्थळी येईलच. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. इंग्रजी ग्रंथ शब्दकोश उशाशी ठेवूनच वाचावे लागतात. तथापि निवृत्तीनंतर वेळ मुबलक असल्यामुळे या एका माणसाविषयी जे हाती लागले ते आम्ही वाचीत गेलो.

हेर म्हटला की आपल्यास प्रथम बहिर्जी नाईकांचे नाव आठवते. वेष पालटून शत्रूच्या मुलखात शिरावे, तेथील खडान्‌खडा बातमी आणावी आणि जीव धोक्यात घालून स्वराज्याची सेवा करावी, हा झाला एक प्रकार. दुसऱ्या प्रकारच्या हेराला कोठे शिरावे लागत नाही, कारण तो पहिल्यापासून आतच असतो. सरकारचा पगार घेतो, सरकारच्या गुप्त कागदांवर सही करतो, आणि सायंकाळी तेच कागद परराज्याच्या माणसाच्या हाती ठेवतो. दोन्हीकडून वेतन घेणाऱ्या हेरास कौटिल्याने ‘उभयवेतन’ असा चपखल शब्द योजिला आहे. आपल्या बोलीत त्यास घरभेदी म्हणतात. या दुसऱ्या प्रकारातील विसाव्या शतकातला सर्वांत गाजलेला माणूस म्हणजे इंग्लंडचा किम फिल्बी. ज्या खात्याचे काम रशियन हेर हुडकून काढण्याचे, त्या खात्याचाच तो प्रमुख होता आणि स्वतः रशियाचा हेर होता. कुंपणानेच शेत खाल्ले, ही म्हण इतकी अक्षरशः खरी झाल्याचे दुसरे उदाहरण आम्हास ठाऊक नाही.

फिल्बीचा जन्म आपल्याच देशात झाला. १ जानेवारी १९१२ रोजी, पंजाबातील अंबाला येथे. वडील सेंट जॉन फिल्बी हे आय. सी. एस. अधिकारी. मुलाचे खरे नाव हॅरॉल्ड एड्रियन. परंतु लहानपणी तो घरच्या नोकरांशी पंजाबीत बोलत असे, म्हणून वडील त्यास ‘किम’ म्हणू लागले असे सांगतात. हे नाव रुडयार्ड किपलिंग यांच्या १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतील मुलाचे. किपलिंग हे तर मुंबईचेच. त्यांचे वडील सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिक्षक असताना १८६५ साली त्यांचा जन्म तेथे झाला. त्यांच्या कथेतील किम हा लाहोरच्या गल्लीबोळांत वाढलेला, वर्णाने गोरा परंतु बोलण्याचालण्यात देशी असा पोरका मुलगा इंग्रज सरकारचा हेर होतो. त्याची पहिली कामगिरी म्हणजे एक गुप्त संदेश अंबाल्याच्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडे पोहोचविणे! पुढे त्याच अंबाल्यात जन्मलेला आणि तेच नाव धारण करणारा खराखुरा किम इंग्रजांचीच गुपिते परक्यांस पोहोचवील, हे किपलिंगसाहेबांच्या स्वप्नातही आले नसेल.

वडिलांविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण पुढील कथेत त्यांचे नाव फार कामी आले. सेंट जॉन फिल्बी हा विद्वान पण हट्टी व सरकारशी सदैव भांडणारा गृहस्थ. इंग्रजी नोकरी सोडून तो अरबस्तानात राजा इब्न सौदचा सल्लागार झाला, १९३० साली त्याने इस्लाम धर्म स्वीकारला, आणि वाळवंटातील प्रवासांमुळे भूगोलाच्या इतिहासात नाव मिळविले. महायुद्ध चालू असताना सरकारविरोधी मतांबद्दल त्यास १९४० च्या ऑगस्ट महिन्यात आपल्या मुंबईतच अटक झाली व इंग्लंडला पाठवून स्थानबद्ध करण्यात आले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

मुलाचे शिक्षण मात्र खानदानी इंग्रजाप्रमाणेच झाले. लंडनची वेस्टमिन्स्टर शाळा, आणि मग १९२९ पासून १९३३ पर्यंत केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज. तो काळ मोठा विलक्षण होता. जगभर मंदी, इंग्लंडात लाखो लोक बेकार, जर्मनीत हिटलरचा उदय. केंब्रिजमधील अनेक तरुणांस वाटू लागले की जुनी व्यवस्था मोडीत निघाली आणि आता आशा एकट्या रशियाची. बहुतेकांचा हा ज्वर कालांतराने उतरला. फिल्बीचा उतरला नाही. केंब्रिज सोडल्यावर तो व्हिएन्नास गेला. तेथे १९३४ च्या फेब्रुवारीत सरकारने कामगारांच्या वस्त्यांवर तोफा डागल्या, तो रक्तपात त्याने प्रत्यक्ष पाहिला. पोलीस ज्यांच्या मागावर होते अशांस पळून जाण्यास त्याने साहाय्य केले, आणि लिट्झी फ्रीडमन या साम्यवादी तरुणीशी विवाह करून तो लंडनला परतला.

त्याच वर्षी जून महिन्यात लंडनच्या रीजंट्स पार्क नावाच्या उद्यानात एका बाकावर त्याची अर्नोल्ड डॉइच या ऑस्ट्रियन विद्वानाशी गाठ घालून देण्यात आली. हा डॉइच रशियन हेरखात्याचा माणूस. त्याची युक्ति ऐकण्यासारखी आहे. कारखान्यातील मजूर किंवा पक्षाचे सभासद त्यास नको होते. त्यांच्यावर पोलिसांची नजर असते. उद्या ज्यांच्या हाती साम्राज्याचा कारभार जाणार, त्या उच्च कुळांतील विद्यार्थ्यांसच आज हेरून ठेवावे आणि दहा वर्षे वाट पाहावी, असा त्याचा हिशेब होता. त्याने फिल्बीस सांगितले की पक्षाचे नाव तोंडी आणू नकोस, जुने मित्र सोड, उजव्या मताचा हो. फिल्बीने तसे केले. जर्मनीशी स्नेह वाढविणाऱ्या मंडळीत तो मिसळू लागला. आपल्या ओळखीच्या दोन केंब्रिजकरांची नावेही त्याने डॉइचला दिली. डोनाल्ड मॅक्लीन आणि गाय बर्जेस हे ते दोघे. पुढे अँथनी ब्लंट व जॉन केर्नक्रॉस त्यांस मिळाले आणि ‘केंब्रिजचे पाच’ म्हणून ही मंडळी कुप्रसिद्ध झाली.

स्पेनच्या यादवी युद्धात फिल्बी ‘टाइम्स’ पत्राचा बातमीदार म्हणून जनरल फ्रँकोच्या बाजूस राहिला. १९३७ च्या अखेरच्या दिवशी तेरुएल शहराजवळ त्याच्या मोटारीवर तोफगोळा पडला. सोबतचे तीन बातमीदार प्राणास मुकले. फिल्बी किरकोळ जखमेवर वाचला. गोळा फ्रँकोच्या शत्रूंचा, म्हणजे ज्यांच्या मागे रशिया उभा होता त्यांचा. तरीही या जखमेबद्दल खुद्द फ्रँकोने स्वहस्ते त्याच्या छातीवर पदक लावले! साम्यवादाचा असा कट्टर शत्रू शोधून सापडणार नाही, अशी त्याची ख्याति झाली.

महायुद्ध सुरू झाल्यावर १९४० साली तो इंग्लंडच्या परदेशी गुप्तहेर खात्यात दाखल झाला. हेच खाते एम. आय. ६ या नावाने ओळखले जाते. शिफारस करणारा होता अर्थातच बर्जेस. आता वाचक विचारतील, अशा नाजूक खात्यात माणूस घेताना चौकशी झाली नसेल काय? झाली. देशांतर्गत सुरक्षा पाहणारे दुसरे खाते एम. आय. ५, त्याकडून ‘विरुद्ध काही नोंद नाही’ असा शेरा आला. आणि एम. आय. ६ चे उपप्रमुख व्हॅलेंटाईन व्हिव्हियन यांनी स्वतः खातरजमा केली. व्हिव्हियन पूर्वी हिंदुस्थानच्या पोलीस खात्यात होते व सेंट जॉन फिल्बीस ओळखीत होते. क्लबातील एका भोजनाच्या वेळी त्यांनी बापाला विचारले की तुमचा मुलगा केंब्रिजला असताना साम्यवादी होता म्हणे? बापाने हसून सांगितले की तो पोरकटपणा होता, आता तो सुधारला आहे. प्रकरण तेथेच मिटले. पुढे कोणी व्हिव्हियन यांस या नेमणुकीविषयी विचारले तेव्हा त्यांचे उत्तर एवढेच होते की मी त्याच्या घरच्यांना ओळखत होतो. ज्या बापास सरकारने अविश्वासू ठरवून मुंबईत पकडले, त्याच बापाचा शब्द मुलाच्या इमानाचा दाखला म्हणून चालला. कारण तो कसाही असला तरी ‘आपल्यातला’ होता.

येथे ते खाजगी कारण सांगणे प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका तालुक्याच्या गावी शिक्षक असताना तेथील एका विद्यार्थी वसतिगृहाच्या समितीवर होतो. आपल्या मंडळाशी त्याचा संबंध नव्हता. कारकुनाची जागा रिकामी झाली आणि एका तरुणाचा अर्ज आला. एका सभासदाने त्याच्या पूर्वीच्या नोकरीबद्दल विचारणा करावी असे सुचविले, तेव्हा आम्ही उभे राहून म्हणालो, “त्याच्या वडिलांना आम्ही चांगले ओळखतो. घराणे चांगले आहे, आपल्यातलेच आहे.” चौकशीचा विषय संपला. पाच वर्षे कोणी वह्या उघडून पाहिल्या नाहीत. मध्यंतरी तालुक्याच्या एका बाहेरच्या हिशेबनिसाने पावत्या जुळत नसल्याचे सांगितले होते, तेव्हा हा परका मनुष्य उगाच आपल्या पोरावर किटाळ आणतो, असे म्हणणाऱ्यांत आम्ही होतो. मुलांच्या अनामत रकमांपैकी काहीच उरले नाही हे कळले तेव्हा मार्च महिना होता. खानावळ बंद पडली आणि दोन मुले परीक्षेस न बसता गावी परत गेली. त्यांपैकी एकाचा बाप आमच्या दारी आला व काही न बोलता ओट्यावर बसून राहिला. व्हिव्हियनसाहेबांचे ते वाक्य प्रथम वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेविले होते. असो.

इंग्रजांत जातिभेद नाही असे आम्हास शाळेत शिकविले गेले आणि आम्हीही पुढे मुलांस तसेच शिकविले. ते तितकेसे खरे नाही, असे आता म्हणावे लागते. त्यांची जात जन्मावरून नव्हे तर शाळा, कॉलेज, क्लब आणि बोलण्याची ढब यांवरून ठरते, इतकाच फरक. एम. आय. ६ मधील मंडळी बहुतेक एकाच घडणीची. एकमेकांचे चुलते, शाळेतील सवंगडी, क्रिकेटच्या मैदानावरचे जोडीदार. त्यांच्यापैकी एक जण फितूर असू शकेल ही कल्पनाच त्यांस शिवली नाही.

फिल्बी कामात अत्यंत हुशार होता, हेही सांगितले पाहिजे. स्पेन व पोर्तुगाल येथील जर्मन हेरांविरुद्धचे काम त्याजकडे आले आणि ते त्याने चोख बजावले. हाताखालचे लोक त्याच्यावर जीव टाकीत. बोलताना तो किंचित अडखळे. त्यामुळे ऐकणाऱ्यास त्याच्याविषयी अधिकच आपुलकी वाटे. त्याची कचेरी सेंट ऑल्बन्स गावी होती आणि खात्याचे मध्यवर्ती दप्तर शेजारीच. दप्तरदाराशी त्याने मद्याच्या पेल्यावर दोस्ती केली व रशियातील हेरांच्या नोंदींचे खंड एकामागून एक वाचावयास नेले. स्पेनचे काम पाहणाऱ्यास रशियाची पोथी कशाला हवी, हा प्रश्न कोणास पडला नाही.

गंमत अशी की याच सुमारास मॉस्कोचा मात्र त्याजवर विश्वास उडाला होता. रशियात आमचे हेरांचे जाळे जवळजवळ नाहीच, असे त्याने खरे खरे कळविले. मॉस्कोतील अधिकाऱ्यांस ते पटेना. इंग्रजांसारखे धूर्त लोक रशियात हेर ठेवणार नाहीत हे शक्य नाही. शिवाय साम्यवादी म्हणून माहीत असलेल्या पोरांस ते गुप्त खात्यात घेतीलच कसे? तेव्हा ही पाचही मंडळी इंग्रजांनीच पेरलेली असली पाहिजेत, असा तर्क करून त्यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी १९४३ साली मॉस्कोने लंडनला निराळी माणसे पाठविली! इंग्रजांस जो खोटा वाटावयास हवा होता तो खरा वाटत होता, आणि ज्यांच्यासाठी तो खरा होता त्यांस तो खोटा वाटत होता.

१९४४ साली, जर्मनीचा पाडाव दृष्टिपथात येताच, एम. आय. ६ ने रशियाविरुद्ध एक नवा विभाग काढला. मॉस्कोच्या सूचनेवरून फिल्बीने आपल्या वरिष्ठास मोठ्या शिताफीने बाजूस सारून त्याचे प्रमुखपद पटकाविले. आता चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या आल्या.

त्या किल्ल्यांचा उपयोग कसा झाला हे एका प्रसंगावरून कळेल. संपूर्ण कथेतील सर्वांत काळा प्रसंग आमच्या मते हाच होय. १९४५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात कॉन्स्टँटिन वोल्कोव्ह नावाचा इस्तंबूल येथील रशियन उपवाणिज्यदूत इंग्रजी वकिलातीत आला. तो वस्तुतः रशियन हेरखात्याचा अधिकारी होता. आपणास व पत्नीस आश्रय व पैसा दिल्यास इंग्लंडातील रशियन हेरांची नावे सांगतो, असे त्याचे म्हणणे. त्यांपैकी एक जण लंडनमधील हेरविरोधी विभागाचा प्रमुख आहे, असेही त्याने सांगितले. त्याने अट घातली की ही बातमी तारेने धाडू नये, कारण तुमच्या तारा आमचे लोक वाचतात. म्हणून पत्र टपालथैलीतून गेले. त्यात दिवस मोडले. लंडनला ते खात्याच्या मुख्य अधिकाऱ्याच्या हाती पडले. त्याने रशियाविषयक विभागाच्या प्रमुखास बोलावून पत्र त्याच्या हाती दिले. प्रमुख म्हणजे फिल्बी.

आपली मृत्युपत्रिका आपल्याच हाती आलेल्या माणसाची स्थिति कशी झाली असेल, याची कल्पना करावी. चेहऱ्यावरची रेषा न हलविता त्याने विचारासाठी एक रात्र मागून घेतली, आणि मॉस्कोस कळविले. प्रथम कैरो येथील एका ब्रिगेडियरने इस्तंबूलला जावे असे ठरत होते. पण त्या गृहस्थास विमानाची धास्ती. तेव्हा फिल्बीच निघाला. वाटेत वादळामुळे विमान ट्यूनिसकडे वळले. इस्तंबूलला पोहोचल्यावर राजदूतसाहेबांच्या नौकाविहारात आणखी दिवस गेले. शेवटी वोल्कोव्हची चौकशी केली तेव्हा रशियन वकिलातीतून उत्तर आले की तो मॉस्कोस गेला. तो व त्याची पत्नी या दोघांस सर्वांगी पट्ट्या गुंडाळलेल्या अवस्थेत डोलीवरून रशियन विमानात चढविताना पाहिले गेले होते. पुन्हा ती दोघे कोणास दिसली नाहीत.

तीन परस्पर-अनोळखी हेरांचे सांगणे जुळल्याखेरीज बातमी खरी मानू नये, असा कौटिल्याचा दंडक आहे. येथे तर एका माणसाविरुद्धची फिर्याद त्याच माणसाकडे तपासास दिली गेली. फिल्बीने पुढे आपल्या आठवणींत या प्रसंगाचे वर्णन एखादा अवघड डाव जिंकल्याच्या थाटात केले आहे. १९४६ च्या नववर्षदिनी सरकारने त्यास ओ. बी. ई. ही पदवी दिली.

इस्तंबूलला दोन वर्षे काढल्यावर १९४९ च्या शरद ऋतूत त्याची नेमणूक वॉशिंग्टनला झाली. इंग्रजी व अमेरिकन हेरखात्यांतील दुवा म्हणून. अमेरिकन खात्यातील जेम्स अँगल्टन याच्याबरोबर त्याचे नित्य भोजन होई आणि त्या मेजावर दोन राष्ट्रांची गुपिते ये-जा करीत. त्या काळात अल्बेनियातील साम्यवादी राजवट उलथविण्यासाठी निर्वासित अल्बेनियन तरुणांस गुप्तपणे किनाऱ्यावर व डोंगरांत उतरविण्यात येत होते. त्यांतील कित्येकांची वाट पाहत शिपाई आधीच उभे असत. त्यांच्यापैकी अनेक मारले गेले, आणि गावाकडील आप्तेष्टांसही शिक्षा भोगाव्या लागल्या. या अपयशास निर्वासितांच्या छावण्यांतील बडबड व नियोजनातील ढिलाईही कारण होती, असे इतिहासकार सांगतात व ते न्याय्य दिसते. परंतु बेत आखणाऱ्यांच्या मेजाशी फिल्बी बसलेला होता, हे तर कोणी नाकारीत नाही.

नाश मात्र दुसऱ्याच दिशेने आला. युद्धकाळातील रशियन तारा अमेरिकन गणितज्ञ वर्षानुवर्षे उलगडीत होते. त्यांत १९४४-४५ साली वॉशिंग्टनच्या इंग्रजी वकिलातीतून बातम्या देणाऱ्या ‘होमर’ नावाच्या हेराचा उल्लेख निघाला. हा होमर आपल्या गर्भवती पत्नीस भेटण्यास न्यूयॉर्कला जात असे, एवढ्या एका बारीक धाग्यावरून १९५१ च्या वसंतात तो मॅक्लीन असल्याचे निश्चित झाले. तपासाची हकीकत फिल्बीस अधिकारपरत्वे कळत होतीच. त्या वेळी बर्जेस वॉशिंग्टनच्या वकिलातीत नोकरीस असून फिल्बीच्याच घरी राहत होता. त्याच्या बेताल वागणुकीमुळे त्यास परत पाठविण्यात आले, आणि इशारा त्याच्याबरोबर लंडनला गेला. २५ मे १९५१, शुक्रवार. मॅक्लीनचा अडतिसावा वाढदिवस. त्या रात्री तो व बर्जेस साउदॅम्प्टनहून बोटीने फ्रान्सच्या किनाऱ्यास गेले व नाहीसे झाले. बर्जेसने स्वतः पळू नये असे ठरले होते. तो पळाला, आणि ज्याच्या घरी तो राहत होता त्या फिल्बीवर साहजिकच संशय आला. फिल्बीने आपला छायाचित्रणाचा सरंजाम पोटोमॅक नदीकाठच्या रानात पुरून टाकला आणि शांतपणे बोलावण्याची वाट पाहिली.

येथून पुढची बारा वर्षे आम्हास सर्वांत उद्‌बोधक वाटतात. अमेरिकनांनी त्यास परत घ्या म्हणून सांगितले. एम. आय. ५ चे अधिकारी, ज्यांत पोलीस व वकील मंडळींचा भरणा अधिक, त्यांची खात्री झाली होती. त्यांनी प्रश्न विचारले, तारखा जुळविल्या, वोल्कोव्हचे प्रकरण उकरले. फिल्बीने आपल्या अडखळत्या बोलण्याचा फायदा घेत प्रत्येक उत्तरास वेळ काढला. पुरावा न्यायालयात टिकेल असा सापडला नाही. त्यास राजीनामा द्यावा लागला. परंतु एम. आय. ६ मधील त्याचे स्नेही म्हणत राहिले की बिचाऱ्यावर अन्याय झाला. ते पोलिसी डोक्याचे लोक, त्यांस सभ्य माणसाची पारख काय! निकोलस एलियट हा त्या स्नेह्यांत अग्रणी. ईटन या प्रख्यात शाळेच्या मुख्याध्यापकांचा हा मुलगा. १९४० पासून फिल्बीस थोरल्या भावासारखा मानीत असे. आम्हास हे वाचताना आमचा तो तालुक्याचा हिशेबनीस आठवला.

१९५५ च्या ऑक्टोबरात मार्कस लिप्टन या सभासदाने पार्लमेंटमध्ये फिल्बीचे नाव घेऊन प्रश्न विचारला. ७ नोव्हेंबर रोजी परराष्ट्रमंत्री हॅरॉल्ड मॅक्मिलन यांनी उत्तर दिले की त्याने देशाशी द्रोह केला असे मानण्यास कारण नाही. दुसऱ्या दिवशी आईच्या घरी बातमीदारांस बोलावून फिल्बीने हसतमुखाने सांगितले की साम्यवादी म्हणून ठाऊक असलेल्या माणसाशी आपण अखेरचे बोललो ते १९३४ साली. लिप्टन यांस आरोप मागे घ्यावा लागला. पुढल्याच वर्षी जुन्या मित्रांच्या खटपटीने तो ‘ऑब्झर्व्हर’ व ‘इकॉनॉमिस्ट’ या पत्रांचा वार्ताहर होऊन बैरुटला गेला व खात्यासाठी पुन्हा बातम्या पुरवू लागला. अर्थात दोन्ही खात्यांस!

अखेर १९६२ साली फ्लोरा सॉलोमन नावाच्या, त्याच्या तरुणपणीच्या ओळखीच्या बाईंनी तोंड उघडले. तीस वर्षांपूर्वीच्या आसपास त्याने आपणास रशियासाठी काम करण्याविषयी सुचविले होते, असे त्यांनी सांगितले. रशियातून फुटून आलेल्या एका अधिकाऱ्याच्या माहितीशी ते जुळले. १९६३ च्या जानेवारीत फिल्बीस जाब विचारण्यास बैरुटला कोणास धाडावे? एलियट स्वतःहून निघाला. १२ जानेवारी रोजी एका बिऱ्हाडात दोघे चहा घेत समोरासमोर बसले. संभाषण टिपण्याचे यंत्र लपविलेले होते. परंतु खिडक्या उघड्या राहिल्यामुळे रस्त्यावरच्या मोटारींच्या आवाजात कित्येक वाक्ये बुडाली. तेवीस वर्षांची मैत्री अशा रीतीने संपली. फिल्बीने अर्धवट कबुली दिली. एलियट निघून गेला, आणि पाळतीस एकही माणूस मागे ठेवला गेला नाही. हे जाणूनबुजून केले की गाफीलपणे, याविषयी आजही वाद आहे. आमच्या मते एखाद्या घरातील मंडळी घरचा चोर वेशीबाहेर गेला तर बरे, निदान पंचायत तरी चुकेल, असे मनोमन इच्छितात, तसा हा प्रकार असावा. २३ जानेवारीच्या पावसाळी रात्री त्यास व त्याच्या पत्नीस एका स्नेह्याकडे मेजवानीचे निमंत्रण होते. पत्नी एकटीच तेथे वाट पाहत बसली. तो रशियन मालवाहू जहाजावर चढला होता. त्या वेळी इंग्लंडचे पंतप्रधान होते तेच मॅक्मिलन.

ब्लंट तर राजघराण्याच्या चित्रसंग्रहाचा अधिकारी. त्याने १९६४ साली अभयवचन घेऊन कबुली दिली, तरीही ती गोष्ट १९७९ पर्यंत झाकून ठेविली गेली.

फिल्बीने पैशासाठी हे केले नाही, असे त्याचे चाहते सांगतात, आणि ते बहुधा खरेही आहे. ‘उभयवेतन’ हा शब्द त्यास पुरता लागू पडत नाही. वयाच्या बाविसाव्या वर्षी धरलेला विचार त्याने मरेपर्यंत सोडला नाही. परंतु त्या विचाराचे राज्य १९३७-३८ साली आपल्याच माणसांच्या कत्तली करीत होते, हिटलरशी करार करीत होते, तेही त्याने पाहिले होते. बर्लिनमध्ये ज्या विचाराचा उघड पुरस्कार करून कित्येक तरुण तुरुंगात गेले, तोच विचार याने सरकारी पगारावर, सरकारी पदवी लावून, मित्रांच्या मेजावर जेवीत जेवीत पाळला. वोल्कोव्हची पत्नी कोणत्या विचाराची होती, हे कोणी विचारलेही नाही.

मॉस्कोत त्यास घर व निवृत्तिवेतन मिळाले. आपण रशियन हेरखात्यातील मोठे अधिकारी आहोत अशी त्याची समजूत होती. पोहोचल्यावर कळले की तो त्यांच्या दृष्टीने केवळ एक हस्तक होता. त्या खात्याच्या मुख्य कचेरीत त्याचे पहिले पाऊल पडले ते १९७७ साली, चौदा वर्षांनंतर. रशियन भाषा त्यास अखेरपर्यंत नीट अवगत झाली नाही. लंडनचा ‘टाइम्स’ टपालाने येई, शिळा; त्यातील क्रिकेटचे आकडे तो बारकाईने वाची. इंग्रजी मुरंबा व चटण्या यांची त्याला आठवण होई. मद्याचे व्यसन पराकोटीस गेले होते. १९७१ साली रुफिना पुखोवा या रशियन बाईंशी त्याने चौथा विवाह केला, आणि त्यांच्यामुळे त्याचे उत्तरायुष्य काहीसे सावरले.

११ मे १९८८ रोजी तो मॉस्कोत मरण पावला. कुंत्सेव्हो येथील दफनभूमीत लष्करी इतमामाने त्याचा अंत्यविधि झाला. सोव्हिएट सरकारने १९९० साली त्याच्या मुद्रेचे पाच कोपेकचे टपाल तिकीट काढले. त्याच्या पुढल्याच वर्षी, १९९१ च्या डिसेंबरात, सोव्हिएट संघराज्य विसर्जित झाले.